हरवलेला प्राणी शोधायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलं आहे की प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर जगभरातले विचित्र, दुर्मिळ, 'कुणीच न पाहिलेले' प्राणी शोधायचं काम करायचं असेल, तर कोणत्या देशापासून सुरुवात करावी, कॅमेरे कोणते घ्यावेत आणि यती म्हणजे हिममानवासारख्या गोष्टींत काही तथ्य असतं का. मी 22 वर्षं हेच काम करतो आहे. बहुतेक सातपुड्यात आणि सह्याद्रीत, मधले दोन हंगाम लाओसमध्ये. जे अनुभवाने कळलं ते सविस्तर लिहितो.

'कुणीच न पाहिलेले' हे शब्द आधी डोक्यातून काढा. या कामात नवीन येणारा प्रत्येक जण तिथेच चुकतो, मीही चुकलो होतो. असा प्राणी फार क्वचित असतो. बहुतेक वेळा त्याला कुणीतरी रोज पाहत असतं, त्याला एक नाव असतं, कधी कधी तो शिजवूनही खाल्ला जातो. फक्त ती बातमी आपल्या वहीत पोचलेली नसते.

लाओसमधल्या थाखेक गावच्या बाजारात 1996 मध्ये रॉबर्ट टिमिन्स या संशोधकाला एक प्राणी दिसला. भाजीपाल्याच्या शेजारी, मांस म्हणून विकायला ठेवलेला. अंगाने करडा, उंदरासारखा, पण शेपटी खारीसारखी झुपकेदार. विकणाऱ्यांना तो पुरता माहीत होता. ते त्याला 'खा-न्यू' म्हणत, चुनखडीच्या डोंगरातल्या कपारींत तो राहतो हेही त्यांना ठाऊक होतं. विज्ञानाने त्याला 2005 मध्ये नाव दिलं, आणि वर्षभरात जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलं की हा उंदीर डायाटोमायिडी नावाच्या कुळातला आहे. हे कुळ 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वीच संपलं असं तोवर सगळे धरून चालले होते. त्याच भागातला पट्टेरी ससासुद्धा टिमिन्स यांना असाच बाजारात, मांसाच्या पाटीवर भेटला.

समुद्रातही हेच. सीलाकँथ हा मासा डायनासोरांबरोबर नाहीसा झाला असं पुस्तकांत छापलेलं होतं. डिसेंबर 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुणीने तो मासळीच्या ढिगातून ओळखून बाजूला काढला. दुसरा नमुना मिळवण्यासाठी प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांनी 100 पौंड बक्षिसाची पत्रकं छापून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाटली, तरी 14 वर्षं गेली. शेवटी 1952 मध्ये तो कोमोरो बेटांवर सापडला. तिथले कोळी त्याला 'गोम्बेसा' म्हणत. त्यांच्या गळाला तो अधूनमधून लागायचा. पुढे 1997 मध्ये याच माशाची दुसरी जात इंडोनेशियातल्या मानाडोच्या मासळी बाजारात एका गाडीवर दिसली. तिथे त्याचं नाव 'राजा लाउट', म्हणजे समुद्राचा राजा.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नव्या मुलखात गेलात की आधी आठवडी बाजार बघा. मग गुराखी, मध काढणारे, खेकडे धरणारे, जुने शिकारी आणि रात्री गस्त घालणारा वनरक्षक यांना भेटा. प्राण्याचं स्थानिक नाव मिळणं हा पहिला पुरावा. ज्याला नाव आहे त्याला कुणीतरी पाहिलेलं आहे.

आता विचारायचं कसं, याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुठल्या अभ्यासक्रमात नीट शिकवलेलं मी पाहिलं नाही. खिशातून फोटो काढून "हा प्राणी इथे आहे का?" असं विचारलंत की समोरचा 'हो' म्हणणार. पाहुणा लांबून आलाय, त्याला नाराज कसं करायचं, म्हणून 'हो'. आपल्याकडे तळोद्याच्या पाड्यांवर हे होतं तसंच लाओसच्या गावांतही होतं. मी फोटो दाखवतच नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. "इथे रात्री कोण कोण ओरडतं?" असं विचारतो आणि त्यांना आवाज काढून दाखवायला सांगतो. शेतात काय नासधूस होते, कोणता प्राणी आजोबांच्या वेळी होता आणि आता नाही, कुणाच्या दिसण्याला अपशकुन मानतात, असं बोलत राहतो. फोटोंचा गठ्ठा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो आणि त्यात तिथे असणं शक्यच नाही असे दोन-तीन प्राणी मुद्दाम मिसळलेले असतात. जो माणूस सातपुड्यात झेब्राही पाहिलाय म्हणतो त्याचा मान राखायचा, चहा घ्यायचा, पण त्याच्या बाकीच्या उत्तरांवर सर्वेक्षण आखायचं नाही. आणि जो "हा नाही, हाही नाही, हा एकदा पाहिला, पण शेपूट अशी नव्हती" असं म्हणतो, त्याच्या मागे मागे फिरायचं.

आंध्रातल्या कडप्पा भागातला जेर्डनचा धाविक हा पक्षी याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण. 1900 नंतर त्याची नोंद नव्हती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण तिथे शोधत होते. काटेरी झुडपांच्या त्या रानात ऐतन्ना या स्थानिक पारध्याने जानेवारी 1986 मध्ये रात्री विजेरीच्या उजेडात तो पक्षी हाताने पकडला. गावात त्याचं नाव होतंच: 'कलिवी कोडी', म्हणजे कलिवीच्या झुडपांतली कोंबडी. तो कुठल्या झुडपांत राहतो हे त्या नावातच आहे.

बाजार आणि माणसं यांच्या जोडीला आणखी एक जागा लागते: संग्रहालय. जुन्या नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी नीट वाचली नाही तर पायपीट वाया जाते. रानपिंगळ्याची गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि तिच्यात या कामाचं सगळं मर्म आहे.

हा घुबडांतला छोटा पक्षी, साधारण 23 सेंटिमीटरचा. ए. ओ. ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते. शेवटचा खरा नमुना 1884 चा, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेला. त्यानंतर फक्त एक नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये तापीकाठी मांडवीला एक पक्षी मिळवल्याची. शोधणारे अर्थातच त्या सर्वांत ताज्या नोंदीमागे गेले. सलीम अलींसारख्या माणसालाही तो सापडला नाही.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्झहागेनच्या संग्रहातले नमुने एकेक करून तपासले. तो 1914 चा पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला निघाला. डेव्हिडसननेच भरलेला जुना नमुना, उसवून पुन्हा भरलेला आणि त्याला खोटी चिठ्ठी लावलेली. म्हणजे एवढी वर्षं लोक एका खोट्या पत्त्यावर जात होते. रासमुसेन यांनी मांडवी यादीतून खोडली आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना घेऊन त्या आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेल्या. तिथे काही मिळालं नाही. मग शहाद्याजवळ आल्या. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, लख्ख उजेडात, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनी.

'लख्ख उजेडात' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. घुबड म्हणून लोक त्याला रात्री आणि दाट रानात शोधत होते. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो आणि सरडे-पाली धरतो. शिवाय गावाच्या कडेला सगळीकडे साधा पिंगळा असतोच. त्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नसतात. हा फरक ठाऊक नसेल तर डोळ्यांसमोर बसलेला पक्षीही दिसत नाही. एकदा तो नीट ओळखता यायला लागला तसा मेळघाटात दिसला, तोरणमाळला दिसला, मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडे दिसला. 2014 मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात सापडला! त्या बातमीने मी दोन दिवस झोपलो नव्हतो. तानसाच्या त्याच जंगलात मी त्याआधी एक पूर्ण उन्हाळा काढला होता, पण रात्रीचा.

आता कॅमेरे, म्हणजे रानात बांधून ठेवायचे, समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे. कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. मध्यम किमतीचे दहा कॅमेरे हे महागड्या दोघांपेक्षा केव्हाही बरे. कुठे आणि कसा लावला याला महत्त्व. लहान प्राण्यांसाठी गुडघ्याच्या खाली, समोरचं गवत कापून, तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको, नाहीतर ऊन पडलं की शेकडो रिकामे फोटो. पावसाळी जंगलात आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि मुंग्यांनी फटीत घर केलंय का ते दर खेपेला बघा. आणि घड्याळ! माझ्या पहिल्या मोठ्या सर्वेक्षणात 14 पैकी 5 कॅमेऱ्यांची तारीख-वेळ मी लावलीच नव्हती. 41 दिवसांची ती माहिती प्राण्यांच्या हालचालीच्या वेळा काढायला कायमची निरुपयोगी झाली. तेव्हापासून कॅमेरा बांधला की आधी त्याच्यासमोर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ धरून एक फोटो, मग पुढे.

कॅमेरा किती दिवस ठेवायचा? तुम्हाला पुरेसे वाटतात त्याहून जास्त. इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतात सायक्लॉप्स डोंगररांगेत लांब चोचीच्या एकिडनाची एक जात आहे, डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं नाव दिलेली. काट्यांचं अंग, लांब नळीसारखं तोंड आणि सस्तन असूनही अंडी घालणारी. 1961 च्या एका नमुन्याखेरीज तिचा ठोस पुरावा नव्हता. 2007 मध्ये जमिनीत नाक खुपसून किडे शोधल्याची भोकं दिसली होती, एवढंच. 2023 मध्ये जेम्स केम्पटन यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्डचा चमू स्थानिक लोकांना बरोबर घेऊन तिथे गेला आणि 80 हून अधिक कॅमेरे लावले. कुणाला मलेरिया झाला, कुणाचा हात मोडला, एका विद्यार्थ्याच्या डोळ्याला दीड दिवस जळू चिकटून होती. एकिडना दिसली ती मोहिमेच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डातल्या अगदी शेवटच्या फोटोंत.

या मोहिमेतली मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या योंगसू सपारी गावात दोन पक्षांत भांडण झालं की एकाला डोंगरात एकिडना शोधायला आणि दुसऱ्याला समुद्रात मार्लिन मासा शोधायला पाठवायची रीत आहे. दोन्ही मिळायला वर्षं, कधी पिढ्या लागतात. मिळाले की भांडण मिटलं. ज्या प्राण्याला विज्ञानाने 62 वर्षं पाहिलं नव्हतं, त्याच्यावर एका गावाची न्यायपद्धत उभी आहे. तिथे पोचल्यावर पहिली चौकशी गावातल्या म्हाताऱ्यांकडे करायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

प्रत्येक प्राण्याला कॅमेरा लागतोच असं नाही. सोमाली सेंगी हा सोंडेसारख्या नाकाचा, मुठीएवढा प्राणी. दिसतो चिचुंद्रीसारखा, नातं मात्र हत्तीशी जवळचं. 1968 नंतर त्याची वैज्ञानिक नोंद नव्हती. 2019 मध्ये जिबुतीत स्थानिकांना विचारून जागा निवडल्या आणि 1,259 सापळे लावले. आमिष होतं शेंगदाण्याचं लोणी, ओट्स आणि यीस्ट. पहिल्याच सापळ्यात सेंगी मिळाला! एकूण बारा मिळाले. दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट नोलॉथजवळ डी विंटनचा सोनेरी चिचुंद्र वाळूत पोहतो म्हणावं असा फिरतो. तो आंधळा आहे आणि 1930 च्या दशकानंतर कुणाला सापडला नव्हता. तिथे वास घेणारी बॉर्डर कोली कुत्री नेली, ती थांबेल तिथली वाळू गोळा केली आणि वाळूत गळलेल्या कातडी-केसांतला डीएनए वाचला. 2023 मध्ये त्याची खात्री जाहीर झाली. धाविकासाठी तर आपल्या संशोधकांनी बारीक मातीचे पट्टे पसरून सकाळी पावलांचे ठसे मोजले. खर्च जवळजवळ शून्य. पहिल्या वर्षी तुम्ही ठसे आणि विष्ठा ओळखायला शिका, ते शिक्षण पुढे कुठेही उपयोगी पडतं.

सापडला नाही तर? बहुतेक वेळा हेच होतं आणि त्याची तयारी आताच करा. किती कॅमेरे, किती रात्री, कुठे, कोणत्या महिन्यात, हे काटेकोर लिहिलेलं असेल तर 'नाही' हेही उत्तर असतं. लिहिलेलं नसेल तर ती नुसती भटकंती. महिना फार महत्त्वाचा. केरळचा जांभळा बेडूक 2003 पर्यंत विज्ञानाला अज्ञात राहिला, कारण तो वर्षभर जमिनीखाली असतो आणि पावसाच्या सुरुवातीला विणीपुरते मोजके दिवस वर येतो. तुम्ही ऑगस्टअखेरीस गेलात की संपलं.

साओलाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. व्हिएतनाम-लाओस सीमेवरच्या आन्नामाइट डोंगरांत 1992 मध्ये शिकाऱ्यांच्या घरी लांब, सरळ, जोडीची शिंगं टांगलेली आढळली. गुरांच्या कुळातला एवढा मोठा प्राणी विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने कळला, याचं सगळ्या जगाला नवल वाटलं. नावाचा अर्थ चरख्याचे खांब, शिंगांच्या आकारावरून. रानात तो आजवर एकाही जीवशास्त्रज्ञाने डोळ्यांनी पाहिलेला नाही. 1996 मध्ये लाओसमध्ये पकडलेली एक मादी काही दिवस जगली. विल्यम रोबिशो यांनी ते दिवस तिच्याजवळ बसून नोंदी केल्या. कॅमेऱ्यात शेवटचा टिपला गेला तो सप्टेंबर 2013 मध्ये, व्हिएतनामच्या क्वांग नाम प्रांतात. जळवांच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढण्याची पद्धतही या डोंगरांत वापरली गेली, पट्टेरी सशाचा पत्ता तिने दिला, साओलाचा नाही. तो इतका दुर्मिळ होण्याचं कारण एकच आहे: तारेचे फासे. दुचाकीच्या ब्रेकच्या तारेचा साधा फास, मांडायला दोन मिनिटं. गस्ती पथकांनी तिथून लाखाहून अधिक फासे काढले. मी होतो त्या हंगामात आमचे कॅमेरे तपासायला जाताना एकाच ओढ्याच्या काठी एका दिवसात आम्ही 60 च्या वर फासे उचलले. साओलासाठी कुणी फास लावत नाही, रानडुक्कर आणि भेकरासाठी लावतात. फास प्राणी बघून पकडत नाही. म्हणून तुम्हाला साओला शोधायचा असेल तर रोजचं काम फासे काढण्याचं असेल, हे मनाशी धरून जा.

यतीचं थोडक्यात. 2017 मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या चमूने यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, कातडी, केस असे नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. त्यातून हिमालयातल्या तपकिरी अस्वलाची वंशावळ कळली, जी खरोखर मोलाची आहे. ज्याचा एकही तुकडा कधी मिळाला नाही त्याच्यामागे तुमची उमेदीची वर्षं घालवू नका. टास्मानियन वाघाचंही (ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचा पट्टेरी, पिशवीधारी प्राणी, खरा वाघ नव्हे) मी हेच म्हणेन, दुःखाने. शेवटचा ज्ञात प्राणी 7 सप्टेंबर 1936 रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला, आणि तेव्हापासून पाहिल्याच्या हकिकती पुष्कळ, पुरावा एकही नाही.

आणि सापडलाच, तर? पहिल्या तासात समाजमाध्यमावर फोटो टाकायचा नाही. फोटोतून अक्षांश-रेखांशाची माहिती काढून टाकायची. आधी स्थानिक सहकारी, मग परवानगी देणारं वनखातं, मग बाकीचे. हे मी कळकळीने सांगतो आहे. दक्षिण चीनमधल्या एका गेको पालीचं वर्णन 1999 मध्ये ठिकाणासह छापलं गेलं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी त्या जागेवरून ती संपवली. बोर्नियोच्या बिनकानाच्या घोरपडीचं ठिकाण प्रसिद्ध झालं आणि दोन वर्षांत ती युरोपात विकायला आली. आता अनेक संशोधक नव्या जातीचं नेमकं ठिकाण छापत नाहीत, आणि ते योग्यच करतात.

परवान्यांबाबत कुणी 'चालतं हो' म्हणालं तरी ऐकू नका. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 2002 चा जैवविविधता कायदा आहे. प्रत्येक देशात तसे कायदे आहेत, आणि नमुना सीमेपार नेणं हा वेगळा परवाना. परदेशात तिथल्या विद्यापीठाशी किंवा संस्थेशी जोडून घेतल्याशिवाय जाऊ नका. शोधनिबंधावर वाटाड्याचं नाव आलं पाहिजे, हा माझा आग्रह असतो.

देश कोणता, हे शेवटी ठेवलं. पहिली दोन वर्षं देश हाच. हिरण्यकेशी नदीचा तो मासा आठवा, 2020 मध्ये ज्याला नाव मिळालं. तो आंबोलीला महादेवाच्या मंदिराच्या कुंडातच होता, लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या येत होते. पुढच्या वर्षी शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ केली. पावसाळ्यात तिकडे जा, बुद्धपौर्णिमेला कुठल्यातरी अभयारण्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढा आणि रात्रभर न हलता बसणं जमतं का ते बघा.

आणि फेब्रुवारीत, सागाची पानं झडली की, तळोद्याला या. परवानगी आधी काढा. एसटी स्टँडवरून सकाळी निघालं की ऊन चढायच्या आत रानात पोचता येतं. दुर्बीण, वही, शिसपेन्सिल एवढंच आणा. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवायचा नाही, घरट्यात पिल्लं असू शकतात. एका पाड्यावरच्या आजी रानपिंगळ्याचा आवाज मोबाइलपेक्षा चांगला काढून दाखवतात आणि साध्या पिंगळ्याचा कसा वेगळा तेही. आधी त्यांच्या ओट्यावर तासभर बसू. रानात नंतर जाऊ.